माडाखालची गाडी

नूतनीकरणाचा कागद आलाय.
अकरा हजार दोनशे चाळीस.
गेल्या साली नऊ हजार सातशे होते,
आणि गाडी तीच, वर्षाने आणखी म्हातारी,
मागच्या दाराला खाऱ्या वाऱ्याचा तोच तांबूस चट्टा,
जो बारीक अक्षरांत लिहिलंय, विम्यात बसत नाही.

पेन्सिल घेते.
आधी दिवसांनी भागते: रोजचे एकतीस रुपये.
बाहेर पोदेराचा भोंपू वाजतो तेव्हा कळतं,
म्हणजे सहा पाव.
रोज सहा पाव कुणी न दिसणारा माणूस
आमच्या फाटकावरून उचलून नेतो
आणि म्हणतो, काही झालं तर येईन.

मग किलोमीटरने भागते. इथे आकडा वाईट दिसतो.
वर्षभरात गाडी चालली दोन हजार आठशे.
बाकी वेळ ती माडाखाली उभी,
नाहीतर रायबंदरच्या धक्क्यावर रांगेत,
इंजिन बंद, काच खाली,
फेरीबोट नुकतीच चोडणाकडे निघालेली.
बहुतेक मी उभं राहण्याचाच विमा भरते.

विश्राम लोटलीकर फोनवर म्हणतात,
म्हारग कितें गो बाय, तुलना करून पळय.
केली तुलना.
आवेलीनची गाडी नवी, तरी हप्ता माझ्याहून कमी.
तिने इंजिनाचं कलम काढून टाकलंय.
इथे, जिथे भरतीला मानशीचं पाणी रस्त्यावर येतं?
मी पाण्यातून नेतच नाही, म्हणाली.
हाही एक विमा. फुकटचा.

गाडीची किंमत कंपनीच्या मते एक लाख बत्तीस हजार.
वाचून जरा अपमान वाटला.
तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा,
हिनेच बाबांना बांबोळीला नेलं डायलिसिसला.
ते मागे बसायचे नाहीत. पुढे बसून
प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबायचे,
जिथे ब्रेक नव्हता तिथे.
त्या जागी रबराला भोक पडलंय.
रबरी भागांवर घसारा पन्नास टक्के.

नऊ वर्षांत काही मागितलं नाही म्हणून सूट मिळते.
एकदा मागता आलं असतं.
धक्क्याच्या उतारावर शेवाळ होतं, गाडी मागे सरकली,
माझा दिवा फुटला, एका मुलाच्या स्कूटरचा फुटला.
मुलगा उठला, गुडघा झाडला,
आधी स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
दोन्ही दिवे खिशातून भरले, सूट राखली.
रात्री झोप आली नाही.
तो उठला नसता तर, एवढंच डोक्यात.
कागदावर त्याच्यासाठी वेगळी ओळ आहे.
त्रयस्थ, म्हणतात त्याला.
त्या ओळीशी मी घासाघीस करत नाही.
(करताही येत नाही. तो दर सरकार ठरवतं.)

बाकीचं खोडत जाते.
रात्री-अपरात्री गाडी बंद पडल्यास मदत:
शेवटची फेरी गेल्यावर कोण येतो
ते एकदा बघायचंच आहे मला.
किल्ली हरवल्यास नवी: खोडली.
इंजिन ठेवलं.
उरले आठ हजार तीनशे.
महाग की रास्त, ते पुढच्या साली कळेल;
तोवर, देवा, महागच पडू दे.

शेवटी लोटलीकरांना विचारलं, नारळ पडला तर?
नारळ धरतात, म्हणाले. पण सूट जाते.

मग बोस्त्यांवला निरोप धाडला.
माडामागे दीडशे, दोन माड.
तो कोयता कमरेला लावून सरसर वर गेला
आणि झावळ्यांतून ओरडला,
गाडी काड गो बाय!

दहा मिनिटं झाली.
तो वर वाट बघतोय.
मी घरभर किल्ली शोधतेय.