आठ पूर्णांक दोन

दवाखान्याच्या चिठ्ठीवर आठ पूर्णांक दोन.
खाली डॉक्टरीणबाईंचं तिरकं अक्षर : पालेभाजी खा.
मानखुर्दला, सातव्या मजल्यावर,
पालेभाजी म्हणजे वीस रुपयांची जुडी
आणि तिला नाल्याचा वास.

मग भाऊच्या धक्क्यावरून
थर्माकोलच्या पेट्या आणल्या.
तीनदा धुतल्या, तरी बांगडा आठवत राहिला.
भाच्यानं राहुरीहून बाजरी धाडली,
पाकिटावर पेननं : लोह जास्त.

गच्चीत कणसं भरली. मोजली, एकोणीस.
मनातल्या मनात भाकरी थापूनही झाली.
शुक्रवारी वर गेले तर
कठड्यावर कबुतरं,
जड, तृप्त, डोळे अर्धे मिटलेली.
सकीना म्हणाली,
"आता ह्यांचं रक्त तपासायला ने."

हसता हसता धाप लागली, तिथंच टेकले.
तेव्हा दिसला
पेटीच्या कोपऱ्यात, कुणीच न पेरलेला
माठ,
देठापर्यंत लाल.
कबुतरांनी ढुंकूनही न पाहिलेला.

खुडला. लसूण, दोन मिरच्या, वरून लिंबू पिळलं,
दोघी एकाच ताटात जेवलो.
ताटाच्या कडेला लाल पाणी उरलं,
तेही मी बोटानं पुसून घेतलं.

पुढची तपासणी चौदा तारखेला.
येताना लिंबं आणायचीत.