अडीचच्या पुढे

ओहोटीच्या वेळेवर आमची स्पर्धा चालते.
पाणी मागे सरलं की पुळण घट्ट होते,
मग चटई ताणतात, चारी कोपऱ्यांवर धोंडे,
आणि मी बर्फाच्या रिकाम्या पेटीवर बसून
स्कोअरची वही उघडतो.

एकोणीस वर्षं एक नाव
माझा हात न बघता लिहितो:
शाबाजी कुबल. शाबी.

रविवारी, सेमीफायनलला, आचऱ्याच्या टीमसमोर
तिसऱ्या षटकाचे तीन चेंडू टाकून शाबी थांबला.
चेंडू लुंगीला पुसला, नेहमीसारखा,
आणि कप्तानाच्या हातात ठेवला,
उरलेले सुटे पैसे परत करावेत तसा.
अंपायरजवळच्या चपला पायात सरकवल्या
नि किनाऱ्याकिनाऱ्याने चालू लागला.

माइकवरचा निलू म्हणाला, "पाणी पिऊक गेलो."
मग म्हणाला, "बूट बदलूक गेलो असतलो."
शाबीने जन्मात बूट घातला नाही,
हे निलूलाही ठाऊक.
मग माइक नुसताच खरखरत राहिला.

सोमवारी लिलावात सुरमईला बोली लागेना.
टोपल्या उतरवून जो तो आपापला चेंडू सांगत होता.
"वादळाच्या वर्साचो, वाऱ्यार वळलेलो,"
"खंय वळलो, तो सरळच होतो, वळलो फलंदाज!"
दोन सख्खे भाऊ त्यावरून दुपारपर्यंत बोलले नाहीत.
एसटीच्या कंडक्टरने खिशातून मेमो काढून दाखवला,
शाबीची शेवटची ओव्हर बघायला
गाडी सात मिनिटं थांबवली त्याचा,
लॅमिनेट केलेला.
सुकटवाली झुलेखाबी म्हणाली,
पोरगा मस्कतहून फोन करतो,
आधी विचारतो शाबीच्या विकेटी किती,
मग माझा गुडघा.
आता एकदम गुडघ्यावरच येईल.

संध्याकाळी आचऱ्याचा मुणगेकर आला, मोटारसायकलवरून.
अकरा वर्षं तो एकाच चेंडूवर आउट झालेला,
संथ, पायाच्या अंगठ्यावर पडणारा.
येणार हे त्याला ठाऊक, शाबीला ठाऊक,
काठावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक.
"आता मी कोणाक आउट होवचा?"
हसत विचारलं त्याने. कोणी हसलं नाही.

आणि वाडीतली पोरं,
सगळी धावत येताना उजवा पाय किंचित ओढतात.
आम्हीच शिकवलं. ती शाबीची स्टाइल, म्हणालो.
तिच्यावर शिट्ट्या मारल्या.
पाय दुखतो का, हे विचारलेलं
मला तरी वहीत कुठे सापडत नाही.

आम्ही आठजण त्याच्या मांगरात गेलो.
तो जाळ्यातून कुर्ल्या सोडवत होता.
वहिनीने काळा चहा दिला. कोणालाच बोलता येईना.
शेवटी निलू, माइकशिवाय, बारक्या आवाजात:
"शाबी, फायनलाक एकच ओव्हर..."

"हात वर जाता रे," शाबी म्हणाला,
"पण वर गेलो की माका इचारता, कित्याक?"

मग एक कुर्ली सुटली, आणि त्याने न बघता
पलीकडच्या बालदीत फेकली.
दहा हात लांब. मधोमध.
आमच्यातल्या कोणीतरी टाळीसाठी हात उचलला
आणि तसाच डोक्यावरून फिरवला,
माशी हाकलल्यासारखा.

वहीत सगळं नियमाप्रमाणे आहे.
उरलेले तीन चेंडू त्याच्या पुतण्याने टाकले:
षटकार, दोन धावा, षटकार. दुसरा चेंडू पाण्यात गेला,
आणायला चौघे धावले. आम्ही हरलो.
शाबीच्या नावापुढे मी लिहिलं: २.३.
तो टिंब पूर्णविरामासारखाच दिसतो,
फक्त पुढे तीन आहे.

गेल्या वर्षीच्या पानांवर खारं पाणी सुकून
कागद कुरकुरीत झालाय.
फायनल शनिवारी, ओहोटी पावणेचारला.
पेटी मला लागेल, बर्फवाल्याला सांगून ठेवलंय.