रविवारी मीटर बंद

आठवडाभर ती पीटरबरोत भाडी ओढते.
स्टेशन, हॉस्पिटल, शनिवारी रात्रीचे दारुडे.
दोन लाख दहा हजार मैल झाले,
मागच्या सीटमध्ये कुणाच्या तरी चिप्सचं व्हिनेगर मुरलंय.
रविवारी मी तिला गेडनी हिलच्या पुढे
बीटच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये घालतो,
बॉनेट उघडून चिमटे लावतो.
शेडला वीज नाही, कधीच नव्हती.
आता दोन बल्ब, एक ड्रिल, एक छोटी इस्त्री
माझ्या हायब्रिडवर चालतात.

इनिड थर्लबी माझं सोमवार-बुधवार-शुक्रवारचं भाडं.
डायलिसिस. जाताना अखंड बडबड, येताना डोळे मिटून.
एकदा येताना, न उघडताच म्हणाली,
"कापडातलं काही कळतं का तुला?"
बाई, म्हटलं, इचलकरंजीचा आहे मी.
वडील मागावर जॉबर. इंचात धागे किती
ते मोजायचं त्यांचं पितळी भिंग
अजून या गाडीच्या खणात आहे, पार्किंगच्या पावत्यांखाली.

विमान तिनं आणि रेजनं बाहत्तर साली बांधलं,
जेवणाच्या खोलीत.
बाहेर काढायला खिडकी चौकटीसकट फोडली.
सीट एकच.
मग दोघं उडायचात कसे?
"पाळीपाळीनं. एकानं वर जायचं,
एकानं खाली काळजी करायची."

डाव्या पंखात उंदरांनी संसार थाटला होता.
सडक्या फासळ्या काढल्या, नव्या चिकटवल्या,
मग कापड.
हे कापड इस्त्रीनं ताणतात, उष्णतेनं आकसतं.
ती थर्मामीटर धरते, मी फिरवतो.
"हळू. शर्ट नाहीये तो."
आणि मुकी उभी असलेली गाडी
मध्येच आपसूक जागी होते,
दोन मिनिटं घुरघुरते, परत गप्प,
रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसासारखी.
इनिड दर वेळी म्हणते, "उठला बघ."
कोण, ते मी विचारलेलं नाही.

टाके घालायला दोघं लागतात.
पंख उभा धरून ठेवलेला, अल्याड मी, पल्याड ती.
मी सुई आत ढकलायची, तिनं ओढून परत पाठवायची.
डावा हात तिचा सुयांनी आधीच भोसकलेला,
तो मांडीवर ठेवून उजव्यानंच.
मध्ये कापड, त्यामुळे तोंड दिसत नाही,
पण सुई उशिरा आली की कळतं, दमली.
मग मला चहा हवासा वाटतो.

ऑक्टोबरात पंखा फिरला.
उडायचं नव्हतंच, ना कागद, ना डॉक्टरची सही.
"नुसती टॅक्सी," ती म्हणाली.
मी चमकलो. विमान जमिनीवर चालवतात
त्यालाही तेच म्हणतात म्हणे.
संध्याकाळ झाली होती.
गवतावरून ती पुढे, नाक वर, शेपूट खुरडत,
मागून मी, दिवे लावून, ताशी आठ मैलांनी.
कालव्याच्या बांधापाशी ती थांबली.
वळेना. मी खाली उतरलो नाही.
तिचा पंखा मंद फिरत होता
आणि वारा बीटच्या पाल्याचा कुबट वास आणत होता.
बऱ्याच वेळानं एक हात बाहेर आला,
चल, असा.

सोमवारी मी मीटर चालू केला.
येताना तिचे डोळे उघडेच होते.
राउंडअबाउटला म्हणाली,
"उजवा पंख जरा जड वाटतो. तुला?"