दहा अंश

सातपूरला, पत्र्याच्या शेडमध्ये, जिप्सी थरथरतेय.
लॅपटॉपवर मी टायमिंग दहावर बांधून ठेवलंय.
यासीन मिस्त्रींनी डबीतला चुना
पुलीच्या खाचेत बोटाने भरला,
लाइटचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरीला.

लखलख.
फिरती पुली जागच्या जागी उभी
आणि खूण चौदावर.

"तुझं यंत्र काय म्हणतं?"
"दहा."
"हं."

ऑफसेट चारने हलवला. उलटा.
अठरा!
मिस्त्री फक्त खाकरले.
मग सुलट,
आणि चुना सरकत सरकत
दहावर येऊन बसला.

"आता खरं बोलतंय. वाढव हवं तेवढं.
कसाऱ्याच्या चढाला ठोके आले
तर दोन मागे घे, लाजू नकोस."

नखात उरलेला चुना
त्यांनी तंबाखूवर मळला.