कोणाची नाय

उंबराचं पाणी आणायला
मंडळी विहिरीकडे निघाली माजिवड्यात,
आणि पोरांच्या बँडने धरली
इनासमामाची चाल.

एकोणसत्तरची. चरईच्या खोलीत,
अकॉर्डियनच्या भात्याला
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ असताना सुचलेली.

पुढे चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रा.
जाहिरातीत "आणि साथीदार".
खांद्यावरचा पट्ट्याचा वळ
तेवढा त्याच्या नावावर.

"कोणाची रे ही?"
त्याने क्लॅरिनेटवाल्याला विचारलं.
"कोणाची नाय. जुनीच हाय,
आमच्या गावची."

मामा गप्प. घागर पुढे गेली,
पेट्रोमॅक्सही.

मग धापा टाकत
गाठलं त्याने पोराला:
"बाबा, तिसऱ्या वळणावर
निषाद कोमल घे.
गावाला तसा आवडतो."