खोली बघायला आलेल्यांना

या. पायरी उंच आहे, डोकं सांभाळा.
लागलं ना?
सगळ्यांना लागतं. मला अकरा वर्षं लागतंय.

समाधान आहे का विचारता.
हे एका दमात कसं सांगू?
मी ठक्कर बाजारच्या स्टँडवर खिडकीत बसायचे,
सव्वीस वर्षं लोकांना गावं दिली, वर सुटे पैसे,
आणि संध्याकाळी स्वतः सिडकोत परत.
हे ओझरच्या कारखान्यात विमानांना रिव्हेट मारायचे.
निवृत्तीच्या पैशात लोक दुसरा फ्लॅट बघतात,
यांनी जुनं चारशेसात बघितलं.

द्वारकेपुढे हमीद मिस्त्रींच्या शेडमध्ये
सात महिने काम चाललं. बोली तीनची होती.
त्यांनी जन्मभर कांद्याच्या गाड्यांना बॉडी बांधलेल्या,
खिडकीला पडदा हवा म्हटल्यावर पोट धरून हसले.
मग मुलीच्या लग्नातलं उरलेलं कापड घेऊन आले.
तोच हा. विटलाय. काढणार नाही.

पेठ रोडला पासिंगसाठी चार हेलपाटे.
साहेब म्हणाले, हे घर आहे की वाहन?
हे म्हणाले, चाकं मोजा.
(तो पाचवा हेलपाटा.)

आता खोट. गळते.
त्या कोपऱ्यात, वारा त्र्यंबककडून असला की.
सहा वेळा सिलिकॉन भरलं, दोनदा पत्रा उघडला.
"मी विमानं कोरडी उडवलीत," म्हणतात
आणि खाली पातेलं सरकवतात.
डिझेलचं विचारू नका.
कसाऱ्याच्या चढाला विटांचा ट्रकसुद्धा
हॉर्न देऊन पुढे जातो,
क्लीनर पोरगं हात हलवतं, आम्ही पण हलवतो.

लांब? लांब फारसं नाही गेलो.
एकदा गोकर्ण. बाकी हरसूल, सुरगाणा, हतगडचं धुकं,
नाहीतर गंगापूर धरणाच्या कडेला, घरापासून अर्ध्या तासावर,
पोहे करून खायचे आणि परत.
शेजारी म्हणायचे, एवढ्यासाठी?
एवढ्यासाठीच.

निफाडला पारा दोनवर गेला त्या रात्री
आम्ही द्राक्षबागेच्या बांधावर होतो.
घड वाचवायला ओळीओळींत शेकोट्या पेटवल्या होत्या,
पहाटेपर्यंत माणसं ओंडके सारत होती.
मी सहा वेळा चहा केला, बावीस कप.
सकाळी बागवाल्यानं पेटी आणून दिली, घेतली नाही,
मग दारात ठेवून गेला.

छतावर पोचे आहेत, चांदवडच्या गारांचे.
सत्तेचाळीस. यांनी मोजलेत.
ठोकून काढत नाहीत, मोजतात.

आणि करोनात धाकटे दीर जयवंतराव पुण्याहून आले,
चौदा दिवस फाटकाशी याच खोलीत.
ताट या खिडकीतून आत, खरकटं त्या खिडकीतून बाहेर.
माणूस गप्पिष्ट, बोलायला कुणी नाही,
मग स्केचपेननं सगळ्या ड्रॉवरांवर नावं लिहिली:
साखर. सुया. बॅटऱ्या. काय माहीत.
तो शेवटचा उघडून बघा.
बघितलंत? आम्हालाही नाही.

हां, एक राहिलं.
पाण्याची टाकी मिस्त्रींनी डावीकडे बसवली,
म्हणून गाडी उभी केली की डावीकडे कलते.
झोपायची फळी आडवी, आम्ही उशा उजवीकडे घेतो,
डोकं जरा वर, पाय जरा खाली.
दुरुस्त होईल म्हणत म्हणत अकरा वर्षं.
तुम्ही बांधाल तेव्हा टाकी मधोमध घ्या,
हे वहीत लिहून ठेवा.

पण वर घरी,
आमच्या चांगल्या सागवानी पलंगाच्या
उशाकडच्या दोन पायांखाली
फरशीचे दोन तुकडे आहेत.
सपाट झोप येईना.
कुणी कुणाला न सांगता ठेवले,
एक यांनी,
एक मी.

चहात साखर किती?