सुरकुत्यांची हमी

हात लावून बघा, बाई. बघायचे पैसे नाहीत.
काठाला नका चोळू,
मधोमध तळवा ठेवा आणि थोडं थांबा.
गार लागलं ना?
बिरजाईचा शनिवारचा बाजार, त्यात जुलैचं ऊन.
शेजारी आल्गिमांतास धुरावलेले मासे विकतोय,
त्याचा नायलॉनचा सदरा पाठीला चिकटलाय
पोस्टाच्या तिकिटासारखा.
मी पहाटे पाचपासून उभी. माझी पाठ कोरडी.
एवढीच माझी जाहिरात.

सुरकुत्या पडतात म्हणता?
पडतात की. त्यांची तर मी हमी देते.
गाडीत बसलात की मांडीवर पडतील,
कुणाला मिठी मारलीत की दंडावर.
इस्त्री करून तुम्ही दारापर्यंत पोचाल,
फार तर बसथांब्यापर्यंत.
मग लिनन म्हणेल, झालं तुमचं?
आता मी माझं बसते.

महाग? हो.
जवस कापत नाहीत, बाई, उपटतात, मुळासकट.
कापलं तर धागा तेवढा आखूड.
निळं फूल सकाळी येतं, जेवणवेळेला गळतं.
शहरातले लोक ते बघायला दुपारी येतात
आणि नुसतं हिरवं रान बघून परत जातात.
मग काड्या दवात कुजवायच्या. आमची सासू तळ्यात कुजवायची,
अख्खं गाव नाक दाबून चालायचं.
कुजवून, मोडून, झोडून, विंचरून
जे उरतं ते हे.
माणसाचं एवढं केलं तर काय उरेल?

सासू म्हणजे बार्बोरा. बोलायची कमी, विणायची जास्त.
तिने विणलेले दोन पट्टे होते ट्रंकेत, बारा बारा हात.
कशासाठी ते कुणी विचारलं नाही.
आमच्या घरातली माणसं त्यांवरूनच खाली जातात.

पोविलास गेला तेव्हा ऑक्टोबर,
आणि पाऊस असा की खड्ड्याच्या कडा वितळत होत्या.
पोविलास आडदांड. शवपेटी ओकची,
त्यानेच ठोकलेली, हौस.
भाऊ कानाशी म्हणाला, गेने, पट्टे साठ वर्षांचे,
त्यात चिंब भिजलेत.
गाडीत दोर आहे, आणू?
मी म्हटलं, भिजलेत ना? मग नाही तुटायचे.
हे कापड ओलं झालं की जास्त घट्ट धरतं.
एवढं एक मला माहीत होतं.
बाकी काही माहीत नव्हतं त्या दिवशी.
चौघांनी सोडलं. पट्टे कुरकुरलेसुद्धा नाहीत.
काठोकाठ भरलेली बादली ठेवावी
तसा गेला तो खाली, न हिंदकळता.

मग काय? धुतले. चिखल होता, धुवायला नकोत?
कुंपणावर टाकले. ऊन नव्हतं, वारा होता,
दुपारपर्यंत खडखडीत.
घरात अजून कुणी जेवलंसुद्धा नव्हतं.
नणंद म्हणाली, जाळून टाक.
भाऊ म्हणाला, ट्रंकेत ठेव, पुढचा नंबर आपलाच.
मी कात्री घेतली.

ती बघा, सफरचंदांच्या खोक्यावर उभी राहून
नाणी मोजतेय, माझी नात, स्काइस्ते.
पट्टे जोडून शिवलाय झगा,
मधून शिवण दिसते, दिसू दे.
दोन उन्हाळे झाले, घामोळं नाही.
गेल्या वर्षी पायघोळ होता, यंदा गुडघ्यावर आलाय.
दर धुण्याला मऊ होतो. विरत नाही.
कशाचा आहे ते तिला सांगितलंय.
तिने विचारलं, मग यात आजोबांचं वजन आहे का?
मी म्हटलं, नाही गं,
यात काहीच राहत नाही. घामसुद्धा.
थोडं खोटं बोलले.

हं, तर. पांढरा देऊ की मूळचा राखाडी?
राखाडी घ्या. रंग दिलेलाच नाही, म्हणजे उडायचाही नाही.
आणि इस्त्री करणारच असाल
तर ओलसर असताना करा.
दोन युरो कमी करते.
आल्गिमांतासला सांगू नका,
अकरा वर्षं तो हाच भाव मागतोय.